जहाज गांठण्यापूर्वीं : अलास्कांतील ऐच्छिक सहलींचा विचार

“आधीं शिदोरी, मग जेजुरी” ही म्हण महाराष्ट्रांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. देवदर्शनाची ओढ कितीही असली तरी वाटेची तरतूद आधीं करावी, हा तिचा भावार्थ. जेजुरीच्या वाटेला भाकरीची शिदोरी पुरत असे; दूरदेशच्या प्रवासाला माहितीची शिदोरी लागते, आणि ती बांधावयाची राहिली तर खिशांत पैसा असूनही मनुष्य उपाशीच परततो. अलास्काच्या जलपर्यटनास निघणाऱ्या मंडळींच्या बाबतींत हें विशेष खरें आहे.

महाराष्ट्रांतील अनेक कुटुंबांतील मुलेंमुली आज नोकरीनिमित्त अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. आईवडील उन्हाळ्यांत भेटीस आले म्हणजे त्यांना अलास्का दाखवावा, अशी हौस मुलांना वाटते. अलास्का हा उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोंकाचा विस्तीर्ण प्रदेश. अमेरिकेनें तो १८६७ सालीं रशियाकडून ७२ लाख डॉलरांस विकत घेतला, आणि १९५९ सालीं त्याला राज्याचा दर्जा मिळाला. तेथील जलपर्यटनाचा हंगाम मुख्यतः मे ते सप्टेंबर एवढाच. जहाजावरील प्रवास बहुधा सात दिवसांचा असतो; आणि जहाजावर चढण्यापूर्वीं चार-पांच दिवस जमिनीवर मुक्काम करून देशाचा अंतर्भाग पाहण्याची सोयही कंपन्या करून देतात. ह्या मुक्कामाचे पैसे भरले कीं थोड्याच दिवसांत एक लांबलचक यादी हातीं पडते. तिचा मथळा असतो, ‘ऐच्छिक सहली’.

‘ऐच्छिक’ हा शब्द दिसावयास सौम्य असला तरी त्याचा व्यावहारिक अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. राहण्याची जागा, एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाण्याचें आगगाडीचें वा बसचें भाडें आणि एखाददुसरी ठराविक सहल एवढेंच मूळ रकमेंत येतें. बाकी सर्व वेगळ्या पैशांनीं. यादींत नदीवरील नौका असतात, सोन्याच्या जुन्या खाणी असतात, वन्य पशूंचें दर्शन असतें, लहान विमानांतून पर्वतप्रदक्षिणा असते, हिमनदीवर उतरणेंही असतें. प्रत्येकीची किंमत माणशीं आणि डॉलरांत. अशी यादी पुढें आली म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. मुलें म्हणतात, “पुन्हां येणें होणार आहे थोडेंच? सगळ्या सहली घेऊन टाकूं.” वडील मनांतल्या मनांत डॉलरांचे रुपये करितात आणि म्हणतात, “आतां कांहीं नको. तेथें गेल्यावर पाहूं.” पहिल्या मार्गानें थकवा व अपव्यय पदरीं पडतो, दुसऱ्या मार्गानें जें पाहावयाचें म्हणून इतक्या दूर आलों तेंच हुकतें.

ह्या दोन्ही मार्गांतील दोष एकच. यादींतील सर्व सहली एकाच जातीच्या आहेत असें दोघेही धरून चालतात. वस्तुतः त्या तशा नाहींत. कोणत्याही ऐच्छिक सहलीविषयीं चार प्रश्न विचारावे. पहिला : तिच्या जागा मोजक्या आहेत काय? दुसरा : ती हवामानावर अवलंबून आहे काय? तिसरा : तेंच दृश्य पुढें जहाजावरून आपोआप दिसणार आहे काय? आणि चौथा : वाटेंत खोळंबा झाल्यास त्याचा भार कोणी सोसावयाचा? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं कोणती सहल सहा महिने आधीं राखावी, कोणती मोकळी ठेवावी आणि कोणती सोडून द्यावी, हें सहज उलगडतें.

प्रथम मार्ग समजून घेऊं. जमिनीवरील मुक्काम जहाजाच्या आधीं असेल तर प्रवासी बहुधा विमानानें फेअरबँक्स ह्या उत्तरेकडील गांवीं उतरतो. तेथून सुमारें १२० मैल दक्षिणेस डेनाली राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानाच्या दक्षिणेस टॉकीट्ना हें लहानसें गांव, त्याच्या खालीं अँकरेज शहर, आणि शेवटीं समुद्रकांठीं व्हिटियर किंवा स्यूअर्ड हें बंदर. फेअरबँक्सपासून स्यूअर्डपर्यंत ४७० मैल लांबीचा लोहमार्ग आहे. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग ह्यांच्या हस्तें १९२३ सालीं नेनाना येथें सोन्याचा खिळा ठोकून तो पूर्ण झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. बंदरांतून जहाज निघतें तें अलास्काच्या किनाऱ्यानें दक्षिणेस येऊन कॅनडांतील व्हँकूव्हर येथें प्रवास संपवितें.

हा प्रवास कॅनडांत कां संपतो, ह्याचें कारण मौजेचें आहे आणि भारतीय प्रवाशाच्या दृष्टीनें महत्त्वाचेंही आहे. अमेरिकेंत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी निशाण लावणाऱ्या जहाजानें अमेरिकेच्या एका बंदरांत उतारू घेऊन अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरांत कायमचे उतरवूं नयेत, असें त्याचें सार. मोठीं पर्यटनजहाजें बहुतेक सर्व परदेशी निशाणाखालीं चालतात. म्हणून त्यांना शेवटचा मुक्काम कॅनडांत करावा लागतो. तेव्हां भारतीय पारपत्र असणाऱ्यास अमेरिकेच्या व्हिसाखेरीज कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. व्हँकूव्हरहून पुन्हां अमेरिकेंत मुलाकडे परतावयाचें असेल तर अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक वेळां प्रवेश देणारा असला पाहिजे. हे कागद अपुरे असतील तर बंदरांतून माघारी फिरावें लागतें, आणि मग आधीं भरलेले सहलींचे पैसे परत मिळाले काय आणि न मिळाले काय, दुःख तेंच. यास्तव आधीं व्हिसा, मग सहली, असा क्रम ठेवावा.

आतां मुक्कामाचा पहिला दिवस. भारतांतील घड्याळ अलास्काच्या उन्हाळी घड्याळाच्या साडेतेरा तास पुढें असतें. महाराष्ट्रांतून नुकत्याच आलेल्या वयस्क माणसाच्या शरीराला दुपार कोणती व मध्यरात्र कोणती हेंच कळेनासें होतें. त्यांत जून महिन्यांत फेअरबँक्सला जवळजवळ बावीस तास सूर्य क्षितिजावर असतो. रात्री अकरा वाजतां लख्ख ऊन पाहून मनुष्य झोंप विसरतो आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं बसल्या जागीं पेंगूं लागतो. ह्यासाठीं उतरल्याच्या दिवशीं आणि शक्य तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणतीही महाग सहल राखूं नये. फेअरबँक्सजवळ १९०२ सालीं फेलिक्स पेड्रो ह्या इटालियन माणसाला सोनें सांपडलें आणि त्यांतून हें गांव उभें राहिलें. सोनें उपसण्याचें जुनें अवाढव्य यंत्र, चीना नदीवरील मागें चाक असलेली आगबोट, विद्यापीठाचें वस्तुसंग्रहालय हीं येथील सौम्य प्रेक्षणें होत. ह्यांपैकीं कांहीं मूळ रकमेंतच धरलेलीं असण्याचा संभव असतो. तेव्हां यादी वाचण्यापूर्वीं मूळ करारांत काय आलें आहे तें वाचावें. एकाच गोष्टीसाठीं दोनदां पैसे मोजण्याचें कारण नाहीं. उत्तरध्रुववृत्तापर्यंत मोटारीनें नेऊन आणणारी सहलही येथून निघते. तें वृत्त रस्त्यानें सुमारें दोनशें मैल दूर आहे. जाऊनयेऊन सारा दिवस आणि रात्रीचा कांहीं भाग त्यांत जातो. नकाशावरील रेघ ओलांडल्याचें समाधान मोठें असलें, तरी दुसऱ्याच दिवशीं डेनालीस निघावयाचें असल्यास गुडघेदुखी असणाऱ्यांनीं दोनदां विचार करावा.

चार प्रश्नांपैकीं पहिला प्रश्न खरा लागू पडतो तो डेनालीस. हें उद्यान १९१७ सालीं, मुख्यतः तेथील पांढऱ्या रानमेंढ्यांच्या रक्षणासाठीं, स्थापन झालें. १९८० सालीं त्याचा विस्तार सुमारें साठ लाख एकरांपर्यंत करण्यांत आला. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत रस्ता मात्र एकच, ९२ मैलांचा. उन्हाळ्यांत खासगी मोटारींना त्यांपैकीं पहिले पंधरा मैलच मोकळे असतात. पुढें जावयाचें तर उद्यानाच्या परवानगीनें चालणाऱ्या बसनेंच गेलें पाहिजे. रस्त्यावर गर्दी होऊं नये आणि पशूंना उपद्रव पोहोंचूं नये म्हणून बसेसची संख्या मर्यादित ठेवलेली आहे. अर्थात् जागा मोजक्या. पुढील उन्हाळ्याच्या जागांची विक्री आदल्या हिंवाळ्यांतच सुरू होते, आणि सोयीच्या सकाळच्या वेळा लवकर भरून जातात. अस्वल, लांडगा, मूस नांवाचें थोरलें हरीण, कॅरिबू आणि रानमेंढी ह्यांपैकीं काय दिसेल तें बसमधूनच दिसावयाचें. पाऊस असो वा ढग असोत, बस जाते, आणि ढगाळ दिवशींही पशू दिसतात. म्हणून ही सहल हवामानाची वाट न पाहतां, सर्वांत आधीं, मुक्कामाचे पैसे भरतांनाच राखावी.

येथें दोन गोष्टी विचारून घ्याव्या. एक : मूळ रकमेंत धरलेली बस किती मैल आंत जाते? कांहीं योजनांत थोड्या मैलांची लहान सहल धरलेली असते, आणि अधिक आंत जाणारी सहल जादा पैसे भरून बदलून घ्यावी लागते. अलास्कांत एकच जादा खर्च करावयाचा म्हटलें, तर ह्या बदलासाठीं केलेला खर्च सहसा वायां जात नाहीं. दुसरी : यंदा रस्ता कोठवर खुला आहे? २०२१ सालच्या ऑगस्टांत ‘प्रिटी रॉक्स’ नांवाच्या ठिकाणीं, सुमारें ४५ व्या मैलापाशीं, डोंगरउतार सरकूं लागल्यामुळें रस्ता ४३ व्या मैलापुढें बंद करावा लागला, आणि ती जागा ओलांडण्यासाठीं पुलाचें काम हातीं घेण्यांत आलें. जुन्या प्रवासवर्णनांत ६६ व्या मैलावरील आयलसन केंद्राचीं किंवा ८५ व्या मैलावरील वंडर तलावाचीं जीं वर्णनें येतात, तीं वाचून जाणाऱ्यानें आपल्या तिकिटावरील मैलांचा आंकडा पाहिल्याशिवाय पैसे भरूं नयेत. ४३ व्या मैलापर्यंत जाऊन येण्यासही पांच तासांच्या आसपास लागतात. वाटेंत स्वच्छतागृहें असतात, परंतु उद्यानाच्या दरवाजापुढें खाद्यपदार्थ विकत मिळत नाहींत. शाकाहारी मंडळींनीं आपला डबा व पाण्याची बाटली बरोबर घेऊनच बसमध्यें बसावें.

दुसरा प्रश्न हवामानाचा, आणि तो त्या पर्वताविषयींचा. हा पर्वत उत्तर अमेरिका खंडांतील सर्वांत उंच होय. उंची २०,३१० फूट. तेथील मूळच्या अथबास्कन लोकांनीं त्याला ‘डेनाली’, म्हणजे ‘उंच तो’, असें म्हटलें. सरकारी नांव दीर्घकाळ मॅकिन्ली होतें. २०१५ सालीं तें डेनाली झालें आणि २०२५ च्या जानेवारींत पुन्हां मॅकिन्ली करण्यांत आलें. उद्यानाचें नांव मात्र डेनालीच आहे, आणि स्थानिक लोकांच्या तोंडींही तेंच आहे. कागदांवर दोन नांवें दिसलीं तर गोंधळून जाऊं नये. नांवाहून मोठी अडचण दर्शनाची. हा पर्वत आपलें हवामान आपणच तयार करितो. समुद्रावरून येणारी ओली हवा त्याच्या अंगावर चढते, थंड होते आणि तिचे ढग होऊन ती त्यालाच वेढून बसते. उद्यानास येणाऱ्या तिघांपैकीं एकालाच त्याचें दर्शन होतें, असें सामान्यतः सांगतात. उद्यानाच्या दरवाजाशीं तर तो दिसतच नाहीं. रस्त्यानें नऊ-दहा मैल आंत गेल्यावर, आकाश निरभ्र असेल तरच, त्याचें शिखर प्रथम नजरेस पडतें.

ह्याचसाठीं विमानाची सहल हा यादींतील सर्वांत मोहक आणि सर्वांत अनिश्चित प्रकार. लहान विमान ढगांवर चढून शिखराभोंवतीं फिरतें. कांहीं विमानांना चाकांबरोबर बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या असतात आणि तीं रूथ हिमनदीवर उतरतातही. ज्यांना तें घडतें ते जन्मभर त्याविषयीं बोलतात. परंतु ढग फार खालीं आले कीं वैमानिक उड्डाण रद्द करितो, आणि तेंच योग्य आहे. येथें युक्ति अशी कीं, ह्या सहलीस एक दिवस नव्हे तर दोन संधी द्याव्या. पर्वताची विमानसहल डेनाली उद्यानाच्या परिसरांतूनही होते आणि टॉकीट्नाहूनही होते. गिर्यारोहकांचीं विमानें टॉकीट्नाहूनच उडतात, आणि पर्यटकांसाठींही तेंच मुख्य ठाणें आहे. पहिल्या ठिकाणीं दिवस ढगाळ निघाला तर दुसरें ठिकाण हातीं राहतें. उत्तरेकडील लांबलचक दिवसांमुळें संध्याकाळीं उशिरांही उड्डाणें होतात. दुपारीं झांकलेलें आकाश कित्येकदां जेवणाच्या वेळीं उघडतें.

जागा राखतांना तीन अटी विचाराव्या. हवामानामुळें उड्डाण झालें नाहीं तर सर्व पैसे परत मिळतात काय? प्रवाशानें स्वतः बेत बदलल्यास किती तास आधीं कळवावें लागतें? आणि हिमनदीवर उतरणें शक्य न झाल्यास, परंतु उड्डाण झाल्यास, उतरण्याचे म्हणून घेतलेले जादा पैसे परत देतात काय? बहुतेक विमानवाले पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असेंच देतात; तरी तें लेखी असावें. विमान लहान असल्यामुळें प्रत्येकाचें वजन विचारतात आणि त्याप्रमाणें बसण्याच्या जागा ठरवितात. ह्यांत संकोच मानूं नये व वजन कमी करून सांगूं नये. प्रश्न सौंदर्याचा नसून सुरक्षिततेचा आहे.

तिसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून पुष्कळांचे पैसे वायां जातात. प्रवासाचा अर्धा भाग अजून जहाजावर काढावयाचा आहे, ह्याचा जमिनीवरील मुक्कामांत विसर पडतो. अँकरेज, व्हिटियर आणि स्यूअर्ड येथें नौकेंतून समुद्रांत उतरणाऱ्या हिमनद्या दाखविण्याच्या सहली मिळतात. त्या उत्तमच आहेत. परंतु जहाजाच्या मार्गांत हबर्ड हिमनदी किंवा ग्लेशियर बे असेल तर तशींच दृश्यें तिकिटाच्या मूळ किमतींतच, आपल्या खोलीजवळच्या कठड्याशीं उभें राहून, दिसणार असतात. १७९४ सालीं व्हँकूव्हरच्या मोहिमेंतील लोकांनीं ग्लेशियर बेचें तोंड बर्फानें बंद झालेलें पाहिलें होतें. त्यानंतर तो बर्फ साठांहून अधिक मैल मागें हटला आणि जेथें भिंत होती तेथें आज आखात आहे. तेथें दिवसाला दोनच मोठ्या पर्यटनजहाजांना प्रवेश देतात. आपलें जहाज तेथें जाणार आहे कीं नाहीं, हें प्रवासपत्रिकेवर पाहिलें कीं नौकेच्या सहलीचा निर्णय आपोआप होतो. तत्त्व असें कीं, जमिनीवरील मुक्कामांत तेंच पाहावें जें जहाज दाखवूं शकत नाहीं. म्हणजे अंतर्भागांतील पशू, मोकळें माळरान आणि तो पर्वत. देवमासे, हिमनद्या आणि किनाऱ्यावरचीं गांवें जहाजासाठीं राखून ठेवावीं.

चौथा प्रश्न खोळंब्याचा, आणि सर्वांत गंभीर तोच. आगगाडी चुकली तर दुसरी मिळते. जहाज चुकलें तर बंदरावर उभें राहून त्याच्या धुराकडे पाहण्याखेरीज हातीं कांहीं उरत नाहीं. जहाज सुटण्याची जी वेळ छापलेली असते तिच्या बऱ्याच आधीं जहाजांत प्रवेश बंद होतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. व्हिटियरची वाट तर विशेष अवघड. अँकरेजहून तें सुमारें साठ मैलांवर आहे. परंतु शेवटीं डोंगरांतून अडीच मैलांचा बोगदा ओलांडावा लागतो. दुसऱ्या महायुद्धांत लष्करी सोयीसाठीं खणलेल्या ह्या बोगद्यांतून प्रथम केवळ आगगाडी जात असे. २००० सालीं तो मोटारींनाही खुला झाला. त्यांत पदर एकच. त्याच पदरावरून कधीं आगगाडी, कधीं येणाऱ्या मोटारी, तर कधीं जाणाऱ्या मोटारी सोडतात. व्हिटियरकडे जाणाऱ्या मोटारींची पाळी साधारणपणें दर तासाला एकदां, अर्ध्या तासाच्या ठोक्यावर येते. ती दोन मिनिटांनीं हुकली कीं पुढील तासाची वाट पाहत बसावें लागतें. जहाज गांठावयाच्या दिवशीं दुपारची एखादी सहल घेऊन “मग भाड्याच्या मोटारीनें सरळ बंदरावर जाऊं” असें म्हणणाऱ्यानें हा बोगदा डोळ्यांपुढें आणावा.

येथेंच कंपनीकडून सहल घ्यावी कीं स्थानिक व्यावसायिकाकडून, हा वाद येतो. स्थानिकाकडे किंमत पुष्कळदां कमी असते, मंडळी थोडी असतात आणि निवड मोठी असते. कंपनीकडे किंमत अधिक, परंतु सहलीच्या वेळा तिच्याच गाड्यांशीं जुळविलेल्या असतात, आणि तिच्या व्यवस्थेंतील गाडीला उशीर झाला तर प्रवाशाला जहाजापर्यंत पोहोंचविण्याची जबाबदारी ती घेते. त्या जादा किमतींत एक प्रकारचा विमा दडलेला आहे असें समजावें. आतां विमा कोठें उतरवावयाचा, जेथें धोका आहे तेथें. मुक्कामाच्या मधल्या दिवशीं, रात्र त्याच गांवीं काढावयाची असतां, स्थानिकाकडून सहल घेण्यांत मोठा धोका नाहीं; तेथें पैसे वांचवावे. गांव बदलण्याच्या दिवशीं कंपनीच्या गाडीची वेळ सांभाळावी. आणि जहाज गांठण्याच्या दिवशीं कंपनीनें नेऊन सोडण्याची व्यवस्था घ्यावी. त्या दिवशीं दुसरी सहल मुळींच घेऊं नये, मग ती कितीही स्वस्त मिळो.

एका उदाहरणानें हें सर्व एकत्र पाहतां येईल. समजा, पुण्याचें एक निवृत्त दांपत्य मुलीसह निघालें आहे. वडिलांना सत्तरावें वर्ष लागलें आहे आणि आईचे गुडघे दुखतात. पांच रात्रींचा मुक्काम आहे. पहिला दिवस फेअरबँक्सला उतरून विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशीं दुपारीं नदीवरील आगबोट, तीही मूळ रकमेंत असेल तर. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आगगाडीनें चार तासांत डेनाली. त्या संध्याकाळीं विमानाची सहल, परतीच्या अटी पाहून, राखलेली. चौथ्या दिवशीं सकाळीं बसची मोठी सहल, हिंवाळ्यांतच राखलेली; दुपार मोकळी. पांचव्या दिवशीं आगगाडीनें टॉकीट्ना. तिसऱ्या दिवशीं ढगांनीं घात केला असल्यास विमानाची दुसरी संधी येथें. सहाव्या दिवशीं सरळ जहाज. म्हणजे एवढ्या मोठ्या यादींतून पैसे दिलेल्या सहली दोनच, बस आणि विमान. विमान दोन्ही वेळां रद्द झालें तर त्याचे पैसे परत येतात, आणि बसमधून पाहिलेलीं अस्वलें व रानमेंढ्या तरी पदरीं पडतातच. ज्या कुटुंबानें ह्याच दिवसांत सहा-सात सहली कोंबल्या, त्याच्या वांट्याला ह्याहून अधिक येत नाहीं. अधिक येतो तो थकवा.

आणखी कांहीं बारीकसारीक गोष्टी. प्रत्येक सहलीच्या वर्णनांत चालणें, पायऱ्या आणि खडबडीत जमीन ह्यांविषयीं एक ओळ असते. वयस्कांसाठीं ती किमतीच्या ओळीपेक्षां महत्त्वाची. लहान विमानांत चढण्यास अरुंद पायरी असते, हें गुडघेदुखीच्या माणसानें आधीं विचारावें. जुलैंतही सकाळीं गारठा असतो आणि पाऊस केव्हांही येतो. म्हणून एका जाड कोटापेक्षां एकावर एक घालतां येतील असे तीन पातळ कपडे आणि वर पावसाळी अंगरखा बरा. जून-जुलैंत डांसांचा उपद्रव असतो. कांहीं उन्हाळ्यांत अंतर्भागांतील वणव्यांचा धूर पसरतो आणि त्यानेंही दृश्य झांकतें. प्रवासाचा विमा घेतांना, सहलींची आधीं भरलेली रक्कम त्यांत धरली आहे काय, हें पाहावें. वयस्कांचा जुना आजार विम्यांतून वगळलेला नाहीं ना, हेंही त्याच वेळीं पाहावें. आणि प्रत्येक सहलीचा कागद, म्हणजे तारीख, वेळ, निघण्याचें ठिकाण आणि रद्द करण्याची शेवटची मुदत, एका वहींत लिहून ती वडिलांच्या हातीं द्यावी. मोबाइलवर सर्व आहे हें खरें, परंतु डेनालीच्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणीं त्याला संदेश येत नाहीं.

शेवटीं एका गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. मोकळी ठेवलेली दुपार म्हणजे वायां गेलेली दुपार, असें यादी वाचतांना वाटतें. परंतु अलास्कांतील आकाश कोणाची यादी पाहून उघडत नाहीं. ज्याची प्रत्येक घटका आधींच विकली गेली आहे, तो पर्वत उघडला त्या घटकेस कोठल्या तरी तंबूंत जेवणाची वाट पाहत बसलेला असतो. ज्याची दुपार मोकळी आहे, तो उठून बाहेर येतो. मुलांनीं आईवडिलांना एवढ्या दूर आणावयाचें तें थकवून परत पाठविण्यासाठीं नव्हे. मोजक्या जागांची सहल वेळेवर राखावी, आकाशावर अवलंबून असलेल्या सहलीस दोन संधी द्याव्या, जें जहाज दाखविणार आहे तें त्याच्यावर सोडावें, आणि शेवटच्या दिवशीं जहाजाखेरीज दुसरें कांहीं मनांत आणूं नये. एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे त्या लांबलचक यादीचें भय उरत नाहीं.